खांद्यावरची पांढरी किनार

"पण यात चूक व्हायला जागाच कुठे आहे, बुवा?" उपेंद्रने विचारले.

रावजीबुवा पावट्याच्या शेंगा सोलत बसले होते.

"हे बघा. खांद्यावरच्या पट्टीला पांढरी किनार. जर्मन सैन्यात पांढरी किनार म्हणजे पायदळ. तुम्हीच शिकवलंत. पट्टीवर आकडा. तो आकडा म्हणजे पलटण. हातच्या कांकणाला आरसा कशाला?"

"शिकवलं खरं," बुवा म्हणाले आणि त्यांनी आणखी एक शेंग उचलली.

उपेंद्र आगाशे पहाटेच्या एस.टी.ने पुण्याहून निघून, अर्धा तास टेकडी चढून नाथांच्या मठात आला होता. दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन फोटोंवरून सैनिकांची पलटण ओळखणे हा त्याचा आधी छंद होता, मग ते वेड झाले, आणि आता त्याचे पुस्तक होणार होते. पुस्तकाच्या सुरुवातीला बुवांचे चार शब्द हवेत, म्हणून ही धावपळ.

मठात येण्याआधी बुवा फौजेतले नाईक रावजी निकम होते. इटलीत गुडघ्याला गोळी लागली, तेव्हा साहेबाने त्यांना कचेरीच्या तंबूत बसवले. कैद्यांच्या आणि मेलेल्यांच्या खिशांतले फोटो तिथे येत. गळपट्टी, खांद्यावरची पट्टी, गाडीवर रंगवलेली खूण बघायची आणि समोर कोण आहे ते सांगायचे, एवढेच काम. ती सगळी विद्या त्यांनी तीन वर्षांत उपेंद्रला दिली. त्याने ती भराभर उचलली, जरा जास्तच भराभर.

"कोन ह्यो?" बुवांनी फोटोकडे हनुवटी केली. छातीपर्यंतचाच फोटो होता.

"जर्मनीतल्या एका बाईंचे वडील. इटलीतून परत गेले नाहीत. बाई तेव्हा दोन वर्षांच्या होत्या. इंग्रजी मासिकातला माझा लेख वाचून त्यांनी फोटो पाठवला."

"काय इचारलं तिनं?"

"एकच. वडील बंदूक चालवणाऱ्यांतले होते का?"

"मग?"

"होय म्हणून कळवलं. पायदळ. पलटणही सांगितली. आणि..." उपेंद्र पुढे सरकला. "या पलटणीनं एका गावात माणसं रांगेत उभी करून मारली होती. तेही लिहिलं. पुराव्यांसकट. पाच पानं."

बुवांचा हात थांबला.

"पाच पानं," ते म्हणाले. "बाईचं काय म्हननं?"

"मान्य केलं!" उपेंद्रने खिशातून पत्र काढले आणि मराठीत करून वाचले. "'तुमचे आभार. वडिलांचा फोटो भिंतीवरून काढून ठेवला आहे. आईला कारण सांगितलेले नाही.' बघा, एक शंकासुद्धा काढली नाही."

असले पत्र वाचून छाती फुगलेला माणूस मी तरी दुसरा ऐकलेला नाही.

बुवा उठले. गुडघा धरून आत गेले. बराच वेळ पेटी उघडल्याचा, काहीतरी सरकवल्याचा आवाज येत राहिला. मग फडक्यात गुंडाळलेला एक फोटो घेऊन ते बाहेर आले. त्याचे चारही कोपरे झिजले होते.

एका उंच स्टुलाला हात लावून एक तरुण बाई उभी होती.

"सांग. लुगड्याचा रंग?"

उपेंद्र हसला. हे काय विचारणं झालं? "पांढरा."

"कपाळाला काय?"

"काळा... काळा ठिपका."

"मग बाई कोन असंल?"

उपेंद्र घुटमळला. "विधवा. म्हणजे... वाटतात तशा."

"माझी कारभारीन ती," बुवा म्हणाले. "मी जित्ता हाय न्हवं?"

उपेंद्रने फोटो पुन्हा पाहिला.

"गेली तीबी सवाष्न गेली. हिरव्या लुगड्यात." बुवांनी फोटो गुडघ्यावर ठेवला. "हे लुगडं अस्मानी. कुंकू लालभडक. पन तवाच्या फिलमीला निळं दिसायचं पांढरं आन् लाल दिसायचं काळं. फोटो घरी आला तशी माझ्या आईनं रडून घर डोक्यावर घ्येतलं. 'माझा ल्योक लढाईवर, आन् तू पांढरं नेसून फोटो काढतीस?' फोटूसंगं घरनं चिठ्ठी आली, त्यात समदं लिवलं हुतं. आमी तंबूत पोट धरून हसलो."

सांगता सांगता ते हसले नाहीत.

उपेंद्रने जर्मन बाईंच्या वडिलांचा फोटो हातात घेतला. डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, पुन्हा जवळ नेला. किनार तीच होती, फिकट.

"जर्मनांत निळी किनार कुनाची?" बुवांनी विचारले.

त्याला ते पाठ होते. झोपेत विचारले असते तरी सांगितले असते. आता तो फोटो उजेडाकडे वळवून बघत राहिला.

"सांग की."

"दवाखान्याच्या लोकांची... जखमींची मलमपट्टी करणाऱ्यांची."

"आन् आकडा?"

"आकडा त्यांच्याही पट्टीवर असतो." उपेंद्रने फोटोवर बोट ठेवले. "पण ही निळीच कशावरून? पांढरीसुद्धा असू शकते."

"असंल."

"मग नक्की कुठली?"

"मला ठावं न्हाई."

तीन वर्षांत बुवांच्या तोंडून हे शब्द त्याने पहिल्यांदाच ऐकले. आणि ऐकून त्याला रागच आला.

"तीन वर्षं मी इथं येतोय! गळपट्ट्या शिकवल्यात, बिल्ले शिकवलेत. ही एवढी गोष्ट का नाही सांगितलीत?"

"लाज वाटली," बुवा म्हणाले.

अंगणात वाऱ्याने शेंगांची टरफले पसरली. ती गोळा करायला कुणी उठले नाही.

"नदीच्या पल्याड एक घर हुतं," बुवा हळूहळू बोलू लागले. "शेतातलं, दगडी. कैद्याच्या खिशात फोटो सापडला. त्या घराच्या दारात तीन मानसं हुबी. साहेब म्हनला, निकम, घरात कोन हाय? मी बघिटलं. खांद्यावर पांढरी किनार."

"मग काय सांगितलंत?"

"ठावं न्हाई म्हनायचं हुतं. पन साहेब चारचौघांत सांगायचा, निकमचा डोळा म्हंजी दुर्बीन. दुर्बिनीनं ठावं न्हाई कसं म्हनावं? बोललो, पायदळ. दुपारपासनं तोफा सुरू झाल्या."

"छपरावर लाल क्रॉस नव्हता?"

"छप्परच न्हवतं. आदीच पडल्यालं."

बुवांनी गुडघा चोळला.

"तिसऱ्या दिशी काठी टेकत मी तितं ग्येलो. कुनी जा म्हनलं न्हवतं. अकरा जन मरून पडले हुते. एकाच्या हातात मलमपट्टीची गुंडाळी, अर्धी सुटल्याली. समद्यांच्या खांद्यावर किनार निळी." त्यांनी छातीच्या डाव्या बाजूला तळवा ठेवला. "आन् हिचा फोटो तवा हितं हुता. खिशात. रोज बघायचो मी."

चाळीस वर्षांपूर्वीच्या गोष्टीची समजूत कशी घालायची? उपेंद्रने नकळत एक शेंग उचलली, सोलली नाही आणि परत ठेवली.

खाली रस्त्यावर एस.टी.चा हॉर्न वाजला. ही चुकली की पुढची गाडी थेट दुपारी. तो उठला नाही.

"आता काय लिहू मी त्या बाईंना?" त्याने विचारले. "पाच पानं पाठवल्यावर आता लिहू, की मला माहीत नाही? पुस्तक छापायला गेलंय, बुवा. नाव जाईल माझं. आणि एवढं करून..." त्याचा आवाज बारीक झाला. "एवढं करून तो माणूस पायदळातलाच असला तर?"

"असंल," बुवा म्हणाले.

त्यांनी बायकोचा फोटो फडक्यात गुंडाळला. पहिली गाठ सैल बसली, म्हणून ती दोनदा मारावी लागली.

"त्या अकरा जनांतल्या एकाच्याबी घरचा पत्ता मला ठावं न्हवता, बाळ. तुझ्यापाशी हाय."