न प्यालेले पाणी

एकदा एक वृद्ध गिर्यारोहक बाई शाळेतल्या मुलींना घेऊन सह्याद्रीतल्या एका अवघड किल्ल्यावर निघाल्या. मदतीला त्यांची तरुण शिष्या होती. चपळ आणि शिस्तीची कडक. शेवटच्या कातळाशी आल्यावर प्रणाली नावाची मुलगी चक्कर येऊन कोसळली. आभाळ मळभाने भरले होते आणि माथा अगदी हाकेच्या अंतरावर होता.

शिष्येने तिची पिशवी उघडली. पाण्याची बाटली तोंडापर्यंत भरलेली. "पाणी होतं तर प्यायली का नाहीस?" ती रागावली. मुलीला रडू कोसळले. "घरी सांगू नका ना ताई. पुन्हा पाठवणार नाहीत," एवढेच ती म्हणत राहिली.

बाईंनी तिला घोट घोट मीठसाखरेचे पाणी पाजले. मग उठून सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "मला लघवीला जायचंय. दोघींनी ओढणी धरा, बाकीच्यांनी पाठ करा."

शिष्या शरमेने अर्धी झाली. एवढ्या मानाच्या बाईंनी मुलींसमोर असे बोलावे, हे तिला मुळीच रुचले नाही. बाई आडोशाहून परतल्या तेव्हा एक मुलगी हळूच म्हणाली, "बाई, मलाही." मग दुसरी. मग जवळजवळ सगळ्याच.

त्यानंतर बाईंनी माथा न गाठताच परत फिरायला सांगितले. उतरताना शिष्या धुसफुसत होती. "मला बाजूला घेऊन सांगायचंत. मी मुलींना समजावलं असतं."

"'पाणी प्या' असं तू सकाळपासून सांगतेच आहेस की," बाई म्हणाल्या. "अगं, पोरींच्या पायांत बळ आहे. पण आपल्यामुळे कुणाचा खोळंबा होऊ नये, हे आपल्याला बाळकडूतच मिळतं. प्यायलं तर जावं लागणार, जायचं तर 'थांबा' म्हणावं लागणार. त्यापेक्षा तहान सोसलेली बरी वाटते. हा संकोच उपदेशानं जात नाही. थोरानं आधी स्वतःची अडचण चारचौघांत बोलून दाखवावी लागते. मीही आज उशीरच केला."

पुढे प्रणाली दोघींच्या खांद्यांवर भार टाकून चालली होती. घरी कळवणे भागच होते. तिचा हा बहुधा शेवटचा डोंगर, हे सगळ्यांना कळून चुकले होते.

पायथ्याचे गाव दिसू लागले तशी शिष्या थबकली.

"बाई," मुलींना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने ती म्हणाली, "जरा थांबूया. सकाळपासून मीही पाणी प्यायलेली नाही."