समुद्रात उभा असलेला आजा

फार फार जुनी गोष्ट आहे, आणि शब्दन् शब्द खरी आहे. भरल्या खाडीत उभं राहून शपथ घ्यायला मी तयार आहे. हे सगळं मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. म्हणजे त्या वेळी माझा जन्म झाला नव्हता, आणि ते गाव नेमकं कुठे होतं हेही मला ठाऊक नाही. पण एवढ्या-तेवढ्यावरून गोष्टीला खोटी म्हणायचं नसतं. ऐका.

एका राज्याच्या पार कडेला, जिथे राजाचे कारकूनसुद्धा वाट चुकल्यावरच येत, कोळ्यांचं एक गाव होतं. समुद्राच्या तळात त्यांनी ताडाचे उंच खुंट ठोकलेले होते. खुंटाला पिशवीसारखं जाळं बांधायचं, पाण्याच्या ओढीने मासे आत शिरायचे, आणि ओढ थांबली की होडी घेऊन जायचं आणि जाळं उचलायचं.

प्रत्येक घराचा एक खुंट. त्याला कुणी खुंट म्हणत नसे. ‘आजा’ म्हणत, कारण तो त्या घरातल्या कुणा आजोबाने ठोकलेला. घरात लग्न ठरलं की पहिली खबर आज्याला. नवी सून आली की तिला होडीतून नेऊन आज्याच्या पाया पडायला लावायचे. आज्याचे पाय तळात गाडलेले, त्यामुळे सून बिचारी पाण्यालाच नमस्कार करून परत येई. आणि आज्याची जागा हलवायची नाही, हा गावाचा नियम. आपल्या आजोबाला उचलून कुणी दुसरीकडे ठेवतं का?

या गावात पोशा नाखवा राहत होता. एक होडी, एक आजा आणि एक बायको, एवढा त्याचा संसार. बायकोचं नाव हौशी. एके काळी पोशाचं जाळं इतकं भरे की ते उचलताना समुद्र बोटभर खाली जाई. बरं, अर्धं बोट. दारातल्या वलांड्यांवर, म्हणजे बांबूच्या मांडवांवर, बोंबील वाळत, आणि त्यांच्या वासाने मांजरं शेजारच्या राज्यातून येत.

मग मासे कमी होऊ लागले. आधी बोंबील गेले, मग मांदेली. पाणी पूर्वीसारखं लागत नव्हतं. थंडीच्या दिवसांतही हात घातला तर अंघोळीला काढल्यासारखं कोमट. अवेळी वादळं येत आणि जाळी फाडून जात.

“आजा रुसलाय,” गाव म्हणालं.

पोशालाही तेच वाटलं. त्याने आज्याला नारळ दिला, तेल लावलं, गोड भात वाहिला. एकदा आवडीची ताडी ओतली. त्या दिवशी मूठभर करंदी, बारीक कोळंबी, मिळाली खरी, पण त्यातली एकही सरळ पोहत नव्हती.

हौशीचा भाऊ डोंगरापलीकडे दगडाच्या खाणीवर कामाला होता. त्याचा निरोप आला, “होडी विका आणि इकडे या. इथे पोटाला मिळतं.”

“होळीपर्यंत बघू,” पोशा म्हणाला. समुद्र सोडून दगड फोडायचे, हा विचार आला की तो उठून होडीला तेल लावत बसे. आणि होळी तर तोंडावर आली होती.

एका सकाळी त्याने जाळं उचललं, तर आत एक म्हातारी चिंबोरी. बाकी काही नाही. कालवण तरी होईल, म्हणून त्याने तिला नांग्या चुकवून पाठीमागून धरलं.

“अरे, गुदगुल्या होतात,” चिंबोरी म्हणाली.

पोशाने तिला टाकलंच असतं, पण भूक मोठी होती. “बोलतेस?”

“या आज्याच्या बुडाशी जन्म गेला माझा. तुझ्या घरातली सगळी भांडणं मला पाठ आहेत. रोज इथे येऊन सांगतोस ना. हौशीचं बरोबर असतं बरं का, बहुतेक वेळा.”

“मासे कुठे गेले ते सांग. आजा का रुसलाय?”

“खुंट कसला रुसतोय? लांबलांबच्या राज्यांत रात्रंदिवस भट्ट्या पेटल्यात. त्यांची धग आभाळाला लागली, आभाळाची पाण्याला. तुझ्या गावाने काही पाप केलेलं नाही, पण ती धग दारात आलीय. बोंबलाला कोमट पाणी सोसत नाही. तो बाहेर गेला, खोल आणि गार पाण्यात. तुझ्या आजोबाच्या मानासाठी तो इथे शिजत का बसेल?”

“मग तू का नाही गेलीस?”

“मी निघते रोज. पण तिरकी चालते, त्यामुळे फिरून इथेच येते.”

पोशाने खुंटावर हात ठेवला. मग हळूच म्हणाला, “आज्याला सोडून मी कसा जाऊ?”

चिंबोरीने एक डोळा वर केला, एक त्याच्याकडे वळवला. “माझी आजी सांगायची. तुझ्या आज्याने हा खुंट ठोकला, त्याआधी दुसरीकडे ठोकला होता. त्याआधी आणखी तिसरीकडे. होडीतून ओणवा होऊन पाणी चाखायचा, पाखरं कुठे बसतात ते बघायचा, आणि मासा हलला की खुंट हलवायचा. जिवंत होता तोवर एका जागी राहिला नाही बाबा. त्याला उभा गाडलात तो तुम्ही.”

पोशाने तिला पाण्यात सोडलं. घरी जाऊन त्याने हौशीला सारं सांगितलं.

“चिंबोरी बोलली?” हौशीने विचारलं.

“हो.”

“आणि तू सोडलीस तिला? घरात मीठसुद्धा उरलेलं नाही आणि हा गप्पा मारून चिंबोऱ्या सोडतोय.” थोडा वेळ ती चूल फुंकत राहिली. मग म्हणाली, “पण माझं बरोबर असतं म्हणाली ना? मग शहाणी आहे. हलव आज्याला.”

दुसऱ्या दिवशी पाणी उतरल्यावर पोशाने होडी आज्याला घट्ट बांधली आणि बसून राहिला. भरती चढली, होडी वर उचलली गेली, तिच्याबरोबर खुंट तळातून सुटला. खुंट उपटायला एक माणूस पुरतो, भरती मदत करते. ठोकायला मात्र सगळा गाव लागतो. होड्या जोडायच्या, खुंट उभा धरायचा, वर लोंबकळून सगळ्यांनी मिळून त्याला तळात रुतवायचं. एकट्याचं ते काम नव्हे.

खुंट ओढत पोशा किनाऱ्याला आला, तेव्हा गाव जमलेलं होतं. पुढे धर्मा पाटील, गावात सगळ्यात वयस्कर.

“पोशा, आज्याला उपटलंस?” पाटील म्हणाले. “जन्मदात्याची शेंडी धरून ओढण्यासारखं आहे हे.”

“पाटील, घर रिकामं झालंय आणि म्हातारा एकटाच दारात उभा आहे. मी त्याला माणसांत नेतोय. मासे बाहेर आहेत. खुंटाला जोड देऊन उंच करतो, पण मला हात द्या. नाही दिलेत तर उद्या होडी विकतो आणि दगड फोडायला जातो.”

कुणी हललं नाही. एकजण म्हणाला, “चिंबोरीनं सांगितलंय म्हणे याला. ताडी आज्यानं प्यायली का यानं?” लोक हसले. पोशाने मान खाली घातली आणि होडीची दोरी सोडू लागला.

धर्मा पाटील समुद्राकडे बघत होते. त्यांचा आजा पोशाच्या आज्याच्या शेजारीच होता. आता तो पाण्यात एकटा दिसत होता.

“या दोघांची एवढी वर्षांची सोबत,” पाटील पुटपुटले. “माझा म्हातारा एकटा काय करील तिथे? कंटाळून जाईल.” त्यांनी धोतर खोचलं. “चला रे, दोघांनाही नेऊ.”

मग सगळा गाव पाण्यात उतरला. खोल पाण्यात खुंट रुतले, जाळी बांधली, आणि उचलली तेव्हा तळाशी बोंबील चमकले. पूर्वीइतके नव्हते, पण चूल पेटण्याइतके होते. ज्यांच्या होड्या लहान होत्या, त्यांना हौशीने खाडीत कामाला लावलं. त्यांनी बांबूचे कूड उभारून त्यांत चिंबोऱ्या पाळल्या, पाण्यात सोडलेल्या दोरांवर शिंपल्यांतली कालवं वाढवली. सरपणासाठी तोडलेल्या खाडीकाठच्या तिवरांची रोपं पुन्हा लावली, कारण माशांची पिल्लं त्यांच्याच मुळांत लपून मोठी होतात आणि वादळाचा पहिला तडाखाही तिवरंच खातात.

आता कबूल करतो. यात एक भाग मी मनाने रचला आहे. तुम्हाला वाटेल, चिंबोरीचा. छे, ती बोललीच होती.

रचलेलं आहे ते पाटलांचं धोतर खोचणं. त्या सकाळी पाटील पाठ फिरवून घरी गेले आणि त्यांच्यामागे गावही गेलं. पोशाने होडी विकली आणि हौशीला घेऊन तो डोंगर चढून गेला. त्याचा आजा वाळूत आडवा पडून राहिला. गाव समुद्रात उतरलं ते पुष्कळ वर्षांनी, निम्मी घरं ओस पडल्यावर. तेव्हा पाटलांनी स्वतः डोंगर चढून पोशाला परत आणलं. दगड फोडून त्याचे हात असे झाले होते की पाणी कोमट आहे की गार, ते त्याला कळेना. हौशीने पाण्यात हात घातला आणि खुंट ठोकायची जागा दाखवली. ही गोष्ट मी त्याच सकाळी संपवली, कारण तशी ती संपायला हवी होती.

तात्पर्य: पाणी बदललं की आपणही हलावं, आणि ते सगळ्यांनी मिळून, वेळ आहे तोवरच करावं.