मांडी आणि मांड

घाटाखालच्या एका गावात तुळाजी नावाचा एक स्वार होता. घोडी गावच्या नाईकांची, नाव साळुंकी. पण ती ओळखायची तुळाजीच्या मांडीला. डाव्या मांडीनं दाबलं की उजवीकडे वळायची, उजवीनं दाबलं की डावीकडे. दसऱ्याला शीव ओलांडायचा पहिला मान या जोडीचा.

एका उन्हाळ्यात तुळाजी दरडीवरून पडला आणि त्याची डावी मांडी मोडली. हाडं बसवणाऱ्या भागाक्कानं कामट्या बांधल्या. हाड जुळलं, पण पाय लाकडासारखा ताठ झाला. सकाळी साळुंकी खिंकाळली की तुळाजी भिंतीकडे तोंड फिरवायचा. कान मात्र तबेल्याकडेच.

भागाक्का म्हणाली, "गुडघ्यांत घोंगडीची वळकटी धर. दाब, सोड. सकाळी शंभरदा, संध्याकाळी शंभरदा. मांडी घालून पंगतीला बसशील, त्या दिवशी घोडीवर मांड टाक."

"आक्का, मला घोडीवर बसायचंय, पंगतीला नाही!"

"भुईवर बसता येईना, अन् निघाला घोडीवर!"

नाईकांनी निरोप धाडला, "दसऱ्यापर्यंत थांबतो. नाहीतर घोडीवर दुसरा स्वार, सुभाना."

तुळाजीचा धीर सुटला. वळकटी राहिली कोपऱ्यात. पोळ्याच्या दिवशी त्यानं दोघांकडून स्वतःला उचलून साळुंकीवर बसवून घेतलं. घोडी आनंदानं निघाली, ती डावीकडेच वळत विहिरीला फेऱ्या घालू लागली. एक, दोन, पाच!

पाणी भरणाऱ्या बाया हसल्या, "तुळाजीदादा, घाण्यावर तेल गाळताय का?"

"घोडी विसरली सगळं!" म्हणत त्यानं चाबूक उगारला.

भागाक्कानं लगाम धरला. "ती कशाला विसरेल? तुझ्याच मांडीचं ऐकतेय. उजवी बोलते, डावी मुकी आहे."

तुळाजीनं चाबूक खाली टाकला. त्या दिवसापासून वळकटी काही सुटली नाही.

दसरा आला. साळुंकीच्या गळ्यात झेंडूची माळ होती. नाईकांनी विचारलं, "काय तुळाजी, बसतोस?"

तुळाजी सगळ्यांदेखत भुईवर मांडी घालायला बसला. डावा गुडघा टेकेना. धोतराखाली झाकून नेता आलं असतं. पण तो म्हणाला, "नाईक, अजून वीतभर बाकी आहे. आज सुभानाला न्या." त्यानं स्वतःच्या हातानं लगाम सुभानाला दिला. साळुंकी दोनदा मागं वळून बघत गेली. धूळ खाली बसेपर्यंत तुळाजी तिथंच उभा राहिला.

परत आल्यावर नाईक म्हणाले, "वीतभरच ना? मग थांबतो."

शिमग्याच्या पंगतीत तुळाजी मांडी घालून बसला. वाढणाऱ्या भागाक्काच्या हातातली पोळी हातातच राहिली. दोन घास खाऊन तो उठला, त्यानं हात धुतला आणि तबेल्यात जाऊन साळुंकीवर मांड टाकली.

विहिरीपाशी घोडी थबकली. तुळाजीनं दोन्ही मांड्या हळूच दाबल्या. साळुंकी सरळ शिवेकडे निघाली.

तात्पर्य: ओढ कितीही असली, तरी मोडलेलं अंग रोजच्या कष्टानं अन् धीरानंच उभं राहतं; आणि जो आपली उणीव कबूल करील, त्यालाच ती भरून काढता येते.