म्हाळसाबाईची सांधण

एका नदीकाठच्या गावात म्हाळसाबाई नावाची एक म्हातारी राहत असे. होड्यांच्या फळ्या जोडायचा चिकट लेप, म्हणजे सांधण, ती शिजवी. खिळ्यांवर तिथे कुणाचा भरवसा नव्हता. त्या नदीला लोखंडाची भारी चटक. होडीचे खिळे ती एकेक करून चोखून टाकी.

सांधणीचं सामान मिळवता मिळवता नाकी नऊ येत. रुसक्या झाडाचा डिंक लागे, आणि ते झाड सकाळभर मनधरणी केल्याशिवाय एक थेंब सोडत नसे. कासवाच्या पाठीवरचं ऊन चमच्याने खरवडून आणावं लागे, तेही कासवाची झोप न मोडता. मग हे सगळं हंड्यात घालून सात दिवस, उजाडल्यापासून मावळेपर्यंत ढवळायचं. एक पथ्य मात्र फार कडक होतं. हंड्यावर वाकून ‘हुश्श’ म्हणायचं नाही. सांधणीला कान असतात. ढवळणारा दमलाय हे तिला कळलं की तीही दमायला शिकते, आणि पुढे भर पाण्यात फळ्या सोडून देते.

त्या वर्षी पलीकडच्या काठावरची जत्रा जवळ आली होती. नऊ होड्यांची सांधण म्हाळसाबाईने लागोपाठ शिजवली. दहावी हिरोजी नावाड्याची. एव्हाना तिची पाठ मोडून आली होती, डोळे चुरचुरत होते, मनगटात जीव उरला नव्हता. सातव्या दिवशी दुपारी, जरासंच ढवळायचं राहिलं असताना, तिच्या तोंडून गेलंच, “हुश्श.”

तिने आजूबाजूला पाहिलं. कुणी नव्हतं. सांधण तशीच चकाकत होती, बोटाला तशीच चिकटत होती. एवढ्याशा आवाजाने काय होतंय, असं ती मनाशी म्हणाली. पुन्हा सात दिवस ढवळायच्या नुसत्या विचाराने तिला रडू आलं. हिरोजी न्यायला आला, तेव्हा तिने मुकाट्याने हंडा पुढे केला.

जत्रेच्या सकाळी घाटावर गर्दी उसळली. म्हाळसाबाई पायरीवर बसून बघत होती. हिरोजीच्या होडीत एक बाळंतीण तान्ह्याला पदराखाली घेऊन चढली. मागून काठी टेकत दोन म्हातारे चढले. म्हाळसाबाईला स्वतःची लाज वाटली, पण शीण लाजेहून मोठा होता. उठावंसंच वाटेना. हिरोजीने दोर सोडायला हात घातला, तेव्हा कुठे ती गुडघ्यांवर हात रेटून उभी राहिली.

“हिरोजी, माणसं उतरव,” ती म्हणाली. “तुझ्या हंड्यावर मी हुश्श म्हटलंय.”

घाटावर कुरकुर सुरू झाली. कुणी म्हणालं, म्हातारीला आता झेपत नाही. कुणी म्हणालं, बाकीच्या होड्या भरून गेल्या, हिच्यापायी आमची जत्रा बुडाली. आजवर तिच्या कामाला कुणी नाव ठेवलं नव्हतं. तिने सगळं खाली मान घालून ऐकलं.

हिरोजीने एकेकाला हात धरून उतरवलं. सुरीने सांध्यांतली सांधण खरवडून काढली. मग तो तिच्याशेजारी येऊन बसला.

“रागावलास?” तिने विचारलं.

“रागावलोय. वर्षातली एकच जत्रा, ती गेली माझी.” त्याने सुरीला लागलेली सांधण पायरीवर पुसली. “पण बाई, मला हे कळल्याशिवाय राहणार नव्हतं. आज काठावर कळलं. नाहीतर नदीच्या मध्यावर कळलं असतं.”

दुसऱ्या दिवशी उजाडताच तो तिच्या अंगणात आला आणि हंड्यापाशी ढवळायला बसला. म्हाळसाबाई भिंतीला टेकून, “हळू, डावीकडून,” असं सांगत राहिली. सांगता सांगताच ती झोपी गेली. हिरोजीने तिला उठवलं नाही.

तात्पर्य: दमलेल्या हातून चूक झाली तर त्यात पाप नाही, ती झाकून दुसऱ्याला पाण्यात लोटणं हे पाप आहे. चूक वेळेवर सांगावी. त्यात मान जातो, पण माणसं वाचतात.