मधुमालतीला वळण लावणारी कुंदा

एका राणीच्या बागेत, अगदी टोकाच्या खोपटात, कुंदा नावाची चिमुरडी राहायची. तिला आई नव्हती. बाबा, म्हणजे भिवा माळी, शिडीवरून पडले आणि त्यांचा उजवा हात लुळा झाला. तेव्हापासून बागेतली मधुमालती भलतीच माजली. पांढरी, गुलाबी, लालचुटुक फुलं उधळत ती राणीच्या लाडक्या डाळिंबावर चढली. डाळिंबाला ऊनच मिळेना!

राणीचे कारभारी म्हणाले, "भिवा, आठ दिवसांत झाड मोकळं कर. नाहीतर खोपट रिकामं कर."

सकाळी कुंदा कातर घेऊन वेलीपाशी गेली. एवढं जंगल बघून तिला रडूच कोसळलं. तेवढ्यात फुलांचा एक झुबका हलला आणि बोटाएवढी गुलाबी परी बाहेर आली. तिच्या पंखांवर दव चमचमत होतं.

"रडू नको सोनुले. एक इच्छा माग. फक्त एकच हं! आणि हातांनी होईल ते मागायचं नाही."

"मग ही वेल आवरून दे ना!"

परी खुदकन हसली. "ते तर तुझे हातच करतील."

कुंदाने मनाशी ठरवलं, इच्छा बाबांच्या हातासाठी जपून ठेवायची; आत्ताच मागितली तर बाबा लगेच पुन्हा शिडीवर चढतील, म्हणून वेल आवरल्यावरच मागायची. मग डोळे पुसून ती कामाला लागली. आधी वाळक्या काड्या काढल्या. बाबा शेजारी बसून सांगायचे, "फांदीवर तो फुगीर डोळा दिसतो ना, त्याच्या जरा वर छाट. तिथूनच नवा कोंब फुटतो." लांब फांद्या तिने सुतळीने हळुवार शेजारच्या बांबूच्या मांडवावर बांधल्या. बोटांना फोड आले. आणि वेल? सकाळी छाटली की दुसऱ्या दिवशी नवे लालसर फुटवे हजर!

"काय गं तुझा हा जोर!" कुंदा कौतुकाने म्हणायची आणि पुन्हा कातर उचलायची.

आठव्या दिवशी डाळिंबावर वेलीची एकच फांदी उरली. तिच्यात बुलबुलाचं घरटं होतं, आणि घरट्यात तीन पिटुकली पिल्लं.

कारभारी आले. "ही का ठेवलीस? छाट!"

"पिल्लं पडतील हो, काका."

"मग खोपट सोडा."

कुंदाने बाबांकडे पाहिलं. त्यांचा लुळा हात मांडीवर पडला होता. परीचं सगळं तिने बाबांना सांगितलं होतं; त्यांनी हळूच होकारार्थी मान हलवली. कुंदा झुबक्याशी वाकून पुटपुटली, "परीताई, हे माझ्या हातांनी नाही होणार. या पिल्लांना आजच उडता येऊ दे."

फुर्रर! तीन पिल्लं आईमागून निळ्या आभाळात उडाली. कुंदाने शेवटची फांदी छाटली. डाळिंबावर पिवळंधमक ऊन सांडलं, आणि मांडवावर मधुमालती तोरणासारखी झुलू लागली.

कारभारी बघतच राहिले. "शाब्बास पोरी! एवढी दांडगी वेल, पण काय सुरेख वळण लावलंस! खोपट तुमचंच."

तोच परी अलगद बाबांच्या तळहातावर उतरली. "कुंदा, तुझी इच्छा संपली. पण हे माझ्याकडून, तू न मागता."

बाबांची बोटं थरथरली, मिटली, उघडली. सोनेरी-गुलाबी उजेडाचा एक लोट उठला आणि परी त्यात विरघळून गेली. तो उजेड ओसरला तेव्हा बाबा उजव्या हाताने कुंदाचे केस कुरवाळत होते.