येसाईचं विरजण

पुष्कळ पुष्कळ वर्षांमागची गोष्ट. तेव्हा म्हशी बोलायच्या आणि माणसं त्यांचं ऐकूनही घ्यायची. हसू नका, आधी गोष्ट ऐका. तर त्या काळी डोंगराच्या पायथ्याला गवळ्यांची एक वस्ती होती आणि त्या वस्तीत येसाई नावाची एक बाई राहायची.

येसाईकडे एक मुलगा, एक म्हैस आणि दह्याचं एक गाडगं. मुलाचं नाव हैबती, म्हशीचं चांदरी. गाडग्याला नाव नव्हतं, पण वस्तीत बोलबाला त्याचाच जास्त. दही असं घट्ट लागायचं की सुरीनं कापावं! आणि गोड किती! वाटीभर दही मिळालं की माणूस भाकरी खाऊन उठायचा आणि कालवणाची आठवणही काढायचा नाही.

वस्तीची एक रीत होती. दूध विरजायला कुणी चमचाभर दही मागायला आलं, की नाही म्हणायचं नाही. पण माणसं मोठी हुशार, रीतीलाही पळवाट काढतात. तिन्हीसांजेला विरजण दिलं तर घरची लक्ष्मी जाते, असं सगळे म्हणायचे. येसाई मात्र तिन्हीसांजेलाही द्यायची. "चमचाभर दह्यावर रुसणारी लक्ष्मी गेलेली बरी," असं म्हणून समोरच्या वाटीत दही घालायची.

एकदा तर तिनं ओढ्यापलीकडच्या गावातल्या कोंडाबाईला विरजण दिलं. त्या गावाशी वस्तीचं गायरानावरून हाडवैर. हैबती केवढा तापला! "त्यांची गुरं आपलं रान खातात, आणि तू त्यांना दही देतेस?"

येसाई म्हणाली, "तिची पोरं कोरडी भाकरी खातात रे. मला तेवढंच दिसलं."

आता येसाई काही देवी नव्हती, बरं का. चिडायची, हैबतीला धपाटेही घालायची. पण रोज संध्याकाळी दूध तापवायची, करंगळी बुडवून बघायची, विरजण लावायची आणि गाडग्याला कुणी हात लावू नका म्हणून घरभर दम द्यायची. घरात कितीही पाहुणे असोत, उद्यासाठी चमचाभर दही बाजूला काढल्याशिवाय ती कुणाच्या ताटात वाढायची नाही. कंटाळा आला म्हणून एक दिवस चुकवला, असं तिनं कधी केलं नाही.

मग येसाई म्हातारी झाली आणि तिनं अंथरूण धरलं. हैबती उशाशी बसून होता. ती म्हणाली, "तुझ्यासाठी फार काही ठेवलं नाही रे मी. वाटीत विरजण आहे. रोज लाव, रोज थोडं मागं ठेव आणि मागायला आलेल्याला रिकाम्या हातानं पाठवू नकोस. मी त्यातच आहे असं समज." एवढं बोलून ती गेली.

हैबतीचं आईवर फार प्रेम. त्या प्रेमानंच घात केला. विरजण दुधात घालायला त्याचा हात पुढे होईना. लावलं आणि बिघडलं तर? कुणाला दिलं आणि संपलं तर? मग त्यानं साठवलेलं सगळं तूप विकून सोनाराकडून एक चांदीची डबी घडवून आणली. त्या डबीत आईचं विरजण ठेवलं, झाकण घट्ट लावलं आणि डबी देव्हाऱ्यात देवांच्या शेजारी बसवली. रोज तिला फूल वाहायचा. आल्यागेल्याला सांगायचा, "माझी आई साक्षात अन्नपूर्णा होती." सांगताना त्याचे डोळे भरून यायचे. ते पाणी खरं होतं, खोटं नव्हतं.

चांदरीचं दूध तो आता बाजारात विकायचा. एकदा धार काढताना ती म्हणाली, "हैबती, तुझी आई डबीत मावायची नाही."

"तू म्हैस आहेस, गवत खा," हैबती म्हणाला.

पुढे कडक उन्हाळा आला आणि तुळसा कुंभारणीचं विरजण नासलं. सकाळीच ती वाटी घेऊन हैबतीच्या दारात आली. हैबती म्हणाला, "अजून आंघोळ व्हायचीय." ती संध्याकाळी आली. "तिन्हीसांज झाली की गं," हैबती म्हणाला. दुसऱ्या दिवशी ती भर दुपारी आली, तेव्हा मात्र सबबी संपल्या. तो म्हणाला, "ते आईचं आहे. ते कुणाला द्यायचं नसतं."

तुळसानं देव्हाऱ्यातल्या डबीकडे पाहिलं. "येसाईचं आहे, म्हणूनच आले होते," ती म्हणाली आणि रिकामी वाटी घेऊन निघून गेली.

तुळसासारखी आणखीही माणसं आली आणि तशीच परत गेली. मग लोकांनी मागायला येणंच सोडलं. बाजारातलं आंबट, पाणचट दही विकत आणू लागले. एकदा विरजण मागायची लाज वाटायला लागली, की मीठ मागायचीही वाटते. हळूहळू वस्तीतली दारं दुपारची लोटलेली दिसायला लागली. हैबतीला ते दिसलंच नाही. तो डबी पुसत होता.

एके दिवशी बाजारातून दमून आला आणि जेवायला बसला. पहिला घास तोंडात घातला, आणि काय झालं कुणास ठाऊक, त्याला आईच्या हातच्या दह्याची अशी आठवण आली की घास गिळवेना. तिची करंगळी आठवली, तिचं ओरडणं आठवलं. "आई, एक घास दे गं, एकच," असं म्हणत तो उठला आणि त्यानं डबी उघडली.

आत हिरवी बुरशी होती. बुरशीखाली एक वाळकी खपली, आणि वास तर असा की नाक धरावं. हैबती डबी मांडीवर घेऊन लहान पोरासारखा हमसून हमसून रडला. त्याला वाटलं, आपली आई आज दुसऱ्यांदा गेली. गोठ्यात चांदरीला सगळं ऐकू येत होतं, पण ती काही बोलली नाही. कधी गप्प बसावं ते म्हशींना कळतं.

मग हैबती वाटी घेऊन निघाला. आधी तुळसाकडे गेला. "आईनं दिलेलं विरजण आहे का गं तुझ्याकडे?"

"होतं, पण नासलं," तुळसा म्हणाली. "म्हणून तर तुझ्याकडे आले होते." तिनं टोमणा मारला नाही, आणि त्याला तेच जास्त लागलं. दुसऱ्या दारी गेला, तिसऱ्या दारी गेला. सगळीकडे तेच ऐकलं. आईची चव सबंध वस्तीतून पुसली गेली होती, आणि ती पुसणारा हात आपलाच, हे त्याला उमगलं.

तो घरी आला तेव्हा चांदरी म्हणाली, "एक दार राहिलंय, ओढ्यापलीकडचं."

हैबती लाजेनं अर्धा झाला. पण ओढ लाजेहून मोठी निघाली. तो ओढा ओलांडून कोंडाबाईच्या दारात पोचला, तर तिथं नेमकी तिन्हीसांज झालेली. कोंडाबाई तुळशीपाशी दिवा लावत होती. तो चाचरत म्हणाला, "विरजण हवं होतं. पण वेळ बरी नाही, सकाळी येतो."

"येसाईचा हैबती ना तू?" कोंडाबाई म्हणाली. "ये की बाबा आत. तुझ्या आईनं मला तिन्हीसांजेलाच दिलं होतं."

तिनं त्याच्या तळहातावर दही ठेवलं. त्यानं ते जिभेला लावलं. तीच चव होती! "मावशी, हे तुम्ही जपलं कसं इतकी वर्षं?"

"मी कुठलं जपतेय? माझं कितीदा तरी नासलं. पण येसाईनं सांगितलं होतं, मागेल त्याला दे. ज्यांना दिलं होतं, त्यांच्याकडून परत आणलं. दिलं म्हणून राहिलं बघ."

हैबतीनं घरी येऊन दूध तापवलं. पण नुसतं विरजण मिळून काय होतं? पहिल्या दिवशी दूध फार गरम होतं, सगळं फाटलं. मग एकदा धीर धरवला नाही, गाडगं हलवून हलवून बघितलं, तर नुसतं पाणी. एकदा मात्र सुरेख लागलं, तेव्हा आधाशासारखं सगळं खाऊन टाकलं आणि चमचाभर मागं ठेवायचंच विसरला! दर वेळी ओढा ओलांडून जायचा, आणि कोंडाबाई दर वेळी हसून वाटी भरायची. होता होता हाताला वळण लागलं. करंगळीला ऊब कळू लागली, जिवाला धीर आला.

दही आता छान लागायचं, पण आईची चव काही त्यात उतरेना. "विरजण तेच, दूध तुझंच, मग कमी काय पडतंय गं?" त्यानं चांदरीला विचारलं.

"मला कशाला विचारतोस? मी गवत खाते," चांदरी म्हणाली.

हैबतीला हसू आलं आणि मग रडूही आलं. त्या संध्याकाळी गाडग्यात उद्याचं विरजण आणि स्वतःपुरतं वाटीभर दही होतं. दिवसभराची भूक होती. तरी तो वाटी घेऊन उठला आणि तिन्हीसांजेला तुळसाच्या दारात जाऊन उभा राहिला. "मी द्यायला उशीर केला, तुळसाक्का. विरजण घे."

तुळसानं बोटानं चाखून पाहिलं. हात तसाच राहिला आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. "अगं बाई, येसाई..." एवढंच ती म्हणाली.

घरी परत येऊन हैबतीनं गाडग्याच्या काठाला लागलेलं दही बोटावर घेतलं. कोरड्या भाकरीबरोबर तेवढंच खाल्लं. आईच्या हातचंच होतं ते.

पुढे वस्तीतली दारं पुन्हा उघडी राहू लागली. ओढ्याच्या दोन्ही बाजूंनी वाट्या ये-जा करू लागल्या. चांदीच्या डबीत आता गोठ्यातलं मांजर दूध पितं. आई काही परत आली नाही, गेलेली माणसं येत नाहीत. अजूनही रोज तिन्हीसांजेला चमचाभर दही मागं ठेवताना हैबती क्षणभर दाराकडे बघतो. दारात कुणीतरी वाटी घेऊन उभं असतं. तो उठतो आणि वाढतो.

म्हणून मुलांनो, आणि मोठ्यांनो तुम्हीही ऐका: आपल्या माणसांचा चांगुलपणा पुजून उरत नाही, तो रोज आपल्या हातानं करावा लागतो.