बाळाच्या वाटचा चीक

तुम्ही लई शहाणे ना, मग ह्या गोष्टीचा शेवट आधीच सांगून दाखवा. चुकलात तर गुमान ऐकायचं.

लई लई वर्सांमागं एका गावात ठकूबाई नावाची म्हातारी होती. एकाच दिवशी तिची सून गिरजी बाळंत झाली अन् गोठ्यात म्हैस व्याली. घरात नातू, गोठ्यात रेडकू. म्हातारी अशी फुगली, की दारातनं आडवी होऊन आत शिरली.

म्हशीचा सगळा चीक तिनं पिळून घेतला. गूळ घालून खरवस केला, गावभर वाटला. रेडकाला नुसती पेज.

गिरजीलाही दूध आलं. पिवळं, दाट.

म्हातारी म्हणाली, "हे नासकं. तीन दिस मातीत पिळ. तवर पोराला मध चाटवू, पाणी पाजू."

"आत्याबाई, म्हशीचा चीक गोड, अन् माझा नासका?"

"तू काय म्हैस हायेस?"

शेजारणी खरवस खाता खाता हसल्या. गिरजीनं दूध मातीत पिळलं.

तिसऱ्या दिवशी भर दुपारी रेडकू आडवं झालं, ते उठलंच न्हाई. म्हैस त्याला चाटत राहिली. मग मान वर करून माणसागत बोलली, "गिरजे, तुझं पोर कुठाय? त्याचा आवाज येत न्हाई."

गिरजी पोराकडं धावली. सकाळपासनं पोर रडलंच नव्हतं. लंगोट कोरडा. टाळू खोल गेलेली. चोचीच्या बोंडल्यानं पाजलेलं पाणी ओठावरनं खाली ओघळत होतं.

म्हातारी पुन्हा बोंडलं घेऊन आली. "उन्हाचे दिस हायेत, घसा सुकलाय. अजून एक घोट..."

"सरका," गिरजी म्हणाली. सासूला असं ती जन्मात पहिल्यांदा बोलली.

तिनं पोर छातीला लावलं. पोर ओढंना. अंगात जोरच नव्हता. मग तिनं एकेक थेंब त्याच्या ओठात पिळला. एक थेंब, अन् वाट बघायची. दुसरा थेंब, अन् वाट बघायची. दिवस कलला तवा कुठं घशात घुटका वाजला.

तुम्ही म्हणत होता, पोर गेलं असणार. न्हाई, वाचलं. बसतं होईपर्यंत नुसत्या आईच्या दुधावर वाढलं. ना गुटी, ना पाण्याचा थेंब.

पण गिरजीनं पोर परत कधी म्हातारीच्या हाती दिलं न्हाई. म्हातारी हात पुढं करायची, गिरजी पोराला पदराखाली घेऊन आत जायची. नातवाला मांडीवर न घेताच म्हातारी मेली.

म्हणून सांगतो, आईचं दूध बाळाच्या वाटचं. त्याच्या आड येणाऱ्याचे हात रितेच राहतात.